प्लॉट साफ करायचा की भुईसपाट?

दिवाळी उरकली की कोकणातल्या वाड्यांवर जेसीबीची घरघर सुरू होते. पंधरा-वीस वर्षं कुणी फिरकलं नाही अशा वडिलोपार्जित जमिनीत माणसाला पाय ठेवता येऊ नये इतकं रान माजलेलं असतं. मुंबई-पुण्याहून आलेला मालक गडग्यावर उभा राहून मोजणीचे दगड शोधतो, एकही दिसत नाही, आणि तिथंच निर्णय होतो: एकदाचं सगळं साफ करून टाकू. दोन दिवसांत करवंदाच्या जाळ्या, घाणेरी, कुडा, पळस आणि त्यांच्याखालची वीतभर माती असं सगळं एका कोपऱ्यात ढिगानं जमा होतं. ढीग वाळला की काडी लावायची. मालक खूश, मशीनवाला खूश आणि दलाल तर सगळ्यांत खूश, कारण साफ प्लॉटला गिऱ्हाईक लवकर लागतं.

पुढच्या दिवाळीला तिथंच घाणेरी आणि रानमोडी कमरेला लागते.

यात नवल काही नाही. कोकणात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उघड्या पडलेल्या उतारावरची सैल माती पहिल्या चार सरींतच व्हाळाला मिळते. उरलेल्या जागेत ऊन भरपूर आणि सावली शून्य. अशी जागा पटकावण्यात घाणेरीचा हात कुणी धरणार नाही. तिचं बी मातीत आधीपासून पडलेलं असतं, शिवाय बुलबुलासारखे पक्षी तिची काळी फळं खाऊन नवं बी टाकत राहतात. रानमोडीला तर पक्ष्याचीही गरज नाही, तिचं बी वाऱ्यावर येतं. करवंद, कुडा, तोरण यांना वाढायला वर्षं लागतात. थोडक्यात, मशीन गावच्या झुडपांना उठवतं आणि परक्यांना मैदान मोकळं करून देतं, तेही मालकाच्या खर्चानं.

घाणेरी ही मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती शोभेसाठी इथं आणली. बंगल्यांच्या कुंपणावरून ती जंगलात शिरली ती कायमची. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, देशातल्या वाघांचा वावर असलेल्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्रात घाणेरी पसरली आहे. गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत, लावलंच तर आजारी पडतात. पठारावरच्या वेड्या बाभळीची कथा थोडी वेगळी, पण वळण तेच. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात रणाचा खार पुढं सरकू नये म्हणून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वनखात्यानंच ती लावली. गुरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बी पसरलं आणि गवताचं राज्य बाभळीचं झालं.

मग हे रान काढायचं तरी कसं? कोयत्यानं किंवा ब्रश कटरनं वरच्यावर छाटणं म्हणजे घाणेरीची हजामत करणं: पुढच्या खेपेला दुप्पट दाट. जाळूनही ती मरत नाही, बुंध्यातून पुन्हा फुटते. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात या प्रश्नाचा माग काढला तेव्हा लक्षात आलं, की घाणेरीचे नवे फुटवे येतात ते खोड आणि मूळ जिथं मिळतं त्या गाठीपासून. ती गाठ काढली तर झुडूप संपतं. त्यांची रीत अगदी साधी. दोघा-तिघांनी मिळून झुडूप एका बाजूला दाबायचं, बुंधा मोकळा करायचा, आणि जमिनीच्या तीन ते पाच सेंटिमीटर खाली कुदळीचा घाव घालून मुख्य मूळ तोडायचं. मग अख्खं झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं आभाळाकडं, म्हणजे ते पुन्हा मातीत रुजत नाही. आजूबाजूची माती जवळपास हलत नाही. मोकळ्या जागेत लगेच स्थानिक गवत लावायचं. काढून झाल्यावरही काही वर्षं पाळत ठेवावी लागते, कारण बुलबुल सुट्टीवर जात नाहीत. पण पहिल्या पावसानंतर ओल्या मातीतून रोपं हातानं सहज उपटतात, त्याला मशीन लागत नाही.

या कामाला वेळ लागतो आणि माणसं लागतात. आक्षेप इथंच येतो: मजूर आहेत कुठं? प्रश्न खरा आहे. कोकणातली निम्मी घरं बंद, उरलेल्यांत म्हातारी माणसं. पण जेसीबीचा हिशेबही एका खेपेचा धरून चालत नाही. दर दोन-तीन वर्षांनी तेच मशीन, तेच डिझेल, आणि दर खेपेला थोडी माती कमी. शिवाय मशीनला ओळख नसते. गावातला जुना गडी किंवा कातकरी बाई जाळीकडं पाहून सांगते, हे करवंद, हे तोरण, यात खैराचं रोप आहे, हात लावू नका. काटेरी जाळीत गुरांचं तोंड पोचत नाही, म्हणूनच तिच्या पोटात मोठ्या झाडांची रोपं तगतात. फुकट मिळालेली रोपवाटिकाच ही, आणि मालक तीच उखडतो. मग नर्सरीतून रोपं विकत आणून तिथंच लावतो आणि भोवती तारेचं कुंपण घालतो. मे महिन्यात घाटरस्त्यांवर ठाकर, कातकरी बाया पानांच्या द्रोणांत जी करवंदं विकतात, तीही अशाच 'माजलेल्या' रानातून आलेली असतात.

रान राखा म्हणजे आहे तसंच सोडा, असं मात्र कुणी समजू नये. आंबा-काजूच्या बागेत बेणणी हवीच. ऐन मोसमात लागलेला वणवा वाळलेल्या रानमोडीवरून बघता बघता बागेत शिरतो, हे कोकणातला कोणताही बागायतदार सांगेल. त्यासाठी बागेभोवतीचा पट्टा गवत काढून मोकळा ठेवावा. घराभोवतीही मोकळीक हवी. आणि ज्यांना आपण या कामाला जुंपतो त्यांच्या पायांचा विचार आधी करावा. फुरसं आणि विंचू याच दगडाझुडपांत राहतात. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रुजवला आणि कोकणात शेकडो जीव वाचले. पण मजुराला गमबूट आणि जाड हातमोजे द्यायला संशोधन लागत नाही. ते देणारे मालक बोटांवर मोजण्याइतके.

कायद्याचंही भान हवं. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ पासून आहे. खैर, ऐन, किंजळ, हिरडा, आंबा, फणस ही झाडं स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. 'झाडी साफ केली' या शब्दांखाली त्यातली किती जातात, हे तलाठ्यालाही ठाऊक असतं. सड्यावर तर आणखी जपावं लागतं. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. अशी अनेक चित्रं मातीच्या पातळ थराखाली आणि गवताखाली झाकलेली सापडली आहेत. तिथं जेसीबीचं बकेट घासलं तर भरपाई कुणाकडं मागणार?

ग्रामपंचायतींना यात करण्यासारखं बरंच आहे. गायरानातली घाणेरी मुळापासून काढण्याचं काम रोजगार हमीतून घेता येईल, आणि सोलिगा आदिवासी कर्नाटकात घाणेरीच्या काठ्यांपासून फर्निचर बनवतात तसं काही इथल्या बचत गटांनाही जमेल. मालकांनी एवढं करावं: या हंगामात मशीन सांगण्याआधी गावातल्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन जमिनीत एक चक्कर मारावी, राखायच्या झाडाझुडपांना चुन्याचा पट्टा ओढावा, आणि काम तीन वर्षांत वाटून घ्यावं.