चित्र भिंतीवरून उतरलें

पुठ्ठा, कागदाचे तुकडे व दोरा एवढ्यांतून कलाकृति निर्माण होऊं शकते, असें म्हटलें कीं पुष्कळ पालकांच्या मुखावर स्मित उमटतें. "हें तर आमचा बाळूहि करील!" हा अभिप्राय आम्हीं अनेक वेळां ऐकिला आहे. त्यांत बाळूचा जो अधिक्षेप आहे, तो मात्र आम्हांस मान्य नाहीं.

इ. स. १९१२ च्या अखेरीस पाब्लो पिकासो ह्या स्पॅनिश चित्रकारानें पॅरिस येथें पुठ्ठा कापून, दुमडून व दोरा ताणून एक गिटार तयार केली. १९१४ सालीं तीच आकृति त्यानें पत्र्याची केली. चित्रकार शतकानुशतकें छायाप्रकाशाच्या साहाय्यानें सपाट फलकावर खोलीचा आभास उत्पन्न करीत आले. पिकासोनें आभास सोडून खरी खोलीच हातीं घेतली. तोंवर मूर्तिकारापुढें मुख्यतः दोन मार्ग असत: दगड अथवा लांकूड कोरणें, किंवा माती थापून आकार वाढविणें. ह्यानें दोन्ही टाळिले. शिंप्याप्रमाणें भाग बेतले आणि जोडले.

गिटारीच्या पोटास जें वाटोळें भोंक असतें, त्या जागीं त्यानें पुढें आलेली एक नळी बसविली! पोकळ असावयाचें तें उंच झालें, तरी पाहणारा त्यास भोंकच समजतो. पश्चिम आफ्रिकेंतील ग्रेबो लोकांच्या मुखवट्यांचे डोळे असेच नळीसारखे असतात. तसे मुखवटे पिकासोच्या संग्रहीं होते, व ही युक्ति तेथूनच आली असें त्याचा चित्रविक्रेता कान्वायलर ह्यानें लिहून ठेविलें आहे. ज्यांस युरोपनें रानटी म्हणून हिणविलें, त्यांच्यापाशीं पॅरिसचा हा चित्रकार शिकला, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें. पत्र्याची गिटार त्यानें १९७१ सालीं न्यूयॉर्क येथील म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टला दिली. तोंवर ती त्याच्याजवळच होती.

पिकासोच्या ह्या कृति पाहून रशियांतील तातलीन आणखी पुढें गेला. १९१५ सालीं पेट्रोग्राडच्या प्रदर्शनांत त्यानें पत्र्याची रचना खोलीच्या कोपऱ्यांत तारांवर ताणून बसविली. चौकट गेली, भिंतहि अपुरी पडली.

आतां आपल्या घराकडे वळूं. एलिमेंटरी व इंटरमीजिएट ह्या चित्रकलेच्या परीक्षा कागदावरच द्यावयाच्या. त्यांसाठीं, व त्यांच्या आधारें दहावीस मिळणाऱ्या जादा गुणांसाठीं, रंगपेटी आनंदानें आणिली जाते. पण मुलानें खोका कापावयास घेतला कीं तो पसारा ठरतो. ज्याची पेन्सिल डळमळते त्यास "तुला कला नाहीं" असें सांगून आपण मोकळे होतों. तोच मुलगा दिवाळींत कामट्यांचा आकाशकंदील बांधतो, नाताळांत गोठा उभारतो. कोणती कामटी कोणता भार घेईल व उजेड कोठून येईल, हें त्याची बोटें जाणतात. ह्यास कला न म्हणणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

पुढील वर्षीं शाळेच्या चित्रप्रदर्शनांत भिंतींसमवेत एक लांब मेज ह्या कामांसाठीं राखून ठेवावें, अशी चालकांस आमची विनंति आहे. पुठ्ठा आम्ही जमवूं.