अमृताचे दुकानदार

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमच्या घरी कणकेचा दिवा करून तो दक्षिणेकडे तोंड करून ठेवण्याची चाल आहे. एरवी दक्षिणेकडे वात करायची नाही. त्या दिवशी मात्र करायची, कारण तो दिवा यमाचा. आणि गंमत अशी की, त्याच तिथीला वैद्यमंडळी धन्वंतरीची पूजा करतात. समुद्रमंथनातून अमृताचा कुंभ घेऊन वर आला तो हाच देव. अमृत आणणारा आणि प्राण नेणारा, दोघांनाही एकाच दिवशी मान!

गेल्या दिवाळीत हा दिवा ठेवत असता माझा नातू म्हणाला, "आजोबा, थोड्या वर्षांनी माणूस मरणारच नाही म्हणे. मग यमाला दिवा कशाला?"

प्रश्न पोराचा होता. पण त्याने तो जिथून उचलला ती माणसे पोरे नव्हेत. हजार वर्षे जगणारा माणूस आजच जन्माला आलेला आहे, असे छातीठोकपणे सांगणारे विद्वान आहेत आणि त्यांच्यावर पैशाची थैली रिकामी करणारे कुबेरही आहेत. या मंडळींशी आमचे भांडण आहे. विज्ञानाशी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

अमृताचे दुकान काही आज उघडलेले नाही. १९१२ साली न्यूयॉर्कच्या अलेक्सिस कॅरेल या नोबेल पारितोषिक विजेत्या शास्त्रज्ञाने कोंबडीच्या गर्भातील हृदयाचा तुकडा काचपात्रात वाढवायला घेतला. तो तीस वर्षांहून अधिक काळ जगला असा गाजावाजा झाला आणि पेशी मुळातच अमर असतात, असे जगाने धरून चालले. पुढे पॅरिसमध्ये व्होरोनॉफ नावाचे डॉक्टर म्हाताऱ्या श्रीमंतांना माकडाच्या ग्रंथींचे तुकडे बसवून तारुण्य विकू लागले. १९६७ साली अमेरिकेत जेम्स बेडफर्ड या प्राध्यापकाचा देह पुढे कधीतरी उठवता येईल या आशेने मरणानंतर गोठवण्यात आला. तो अजून उठलेला नाही!

कॅरेलच्या अमर तुकड्याचे काय झाले? १९६१ साली लेनर्ड हेफ्लिक यांनी दाखवून दिले की, माणसाची साधी पेशी सुमारे पन्नास वेळा दुभंगते आणि मग थांबते. कॅरेलचा प्रयोग तसाच्या तसा कोणाला पुन्हा जमला नाही. पोषक द्रवाबरोबर ताज्या पेशी पात्रात जात असाव्यात, असा संशय तेवढा उरला.

यावर दुकानदार म्हणतील, "पेशी का थांबते हे आता कळले आहे. गुणसूत्रांची टोके झिजतात म्हणून ती थांबते. ती टोके पुन्हा बांधणारे विकर सापडले आहे आणि त्या शोधाला २००९ साली नोबेलही मिळाले." खरे आहे. पण ज्या पेशी हे विकर वापरून बेबंद वाढत सुटतात, त्यांना आपण कॅन्सर म्हणतो. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स ही अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्री एकतिसाव्या वर्षी कॅन्सरने गेली. तिच्या गाठीतून घेतलेल्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत अजून वाढत आहेत. अमर झाल्या त्या पेशी. मेली ती पाच लेकरांची आई. वाचकहो, झीज थांबवू जावे तर वाढ अनावर होण्याचे भय आणि वाढ आवरावी तर झीज, अशी ही दुहेरी कात्री आहे. देह म्हणजे तेल घातले की चालणारा रहाट नव्हे.

एवढ्यावरही समजा, विज्ञानाने म्हातारपण पार पुसून टाकले. तरी जिने, रस्ते, पूर, साप आणि साथी उरतातच. वर्षाला हजारात एकालाच मरण येते असे धरा. तरी साध्या हिशेबाने निम्मी माणसे सातशे वर्षांच्या आत संपतील. सातशे वर्षे पुष्कळ झाली. पण त्याला 'सदैव' म्हणत नाहीत. आणि आजचा हिशेब तर कितीतरी कडक आहे. बेंजामिन गॉम्पर्ट्झ या इंग्रज विमागणितज्ञाने १८२५ सालीच दाखवले की, प्रौढपणी मरणाचा धोका ठराविक वर्षांनी दुप्पट होत जातो. आजच्या आकड्यांनी ती वर्षे साधारण आठ भरतात. फ्रान्सच्या झान काल्मां १२२ वर्षे जगून १९९७ साली वारल्या. त्यानंतर वैद्यक कुठल्या कुठे गेले. पण त्यांच्यापुढे कोणी गेल्याची खात्रीलायक नोंद नाही.

उलट बाजूचे जे खरे आहे तेही सांगितले पाहिजे. १९९३ साली सिंथिया केनियन यांनी एका सूक्ष्म कृमीच्या एकाच जनुकातील बदलाने त्याचे आयुष्य दुप्पट होते असे दाखवले. शोध मोठाच आहे. पण त्या कृमीचे मूळ आयुष्य दोन-तीन आठवड्यांचे! त्याचे दोनाचे चार आठवडे झाले म्हणून माझी ऐंशीची एकशेसाठ होतील, हा तर्क शास्त्रज्ञाचा नव्हे, दलालाचा.

मात्र हे वाचून जे मान डोलावतील, "बघा, मरण कोणाला चुकले आहे?" त्यांनाही आम्ही सोडणार नाही. ललाटीचा लेख म्हणून हात जोडून बसणारे हे लोक दुकानदारांहून अधिक घातकी. माझ्या आजीला सात मुले झाली. चार पाच वर्षांची होण्याआधी गेली. ती म्हणे, "त्यांचे तेवढेच होते." तेवढेच नव्हते! देश स्वतंत्र झाला तेव्हा आपले सरासरी आयुष्य बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीला टेकले आहे. त्या काळी माणसे बत्तिसाव्या वर्षी म्हातारी होत नव्हती. पाळण्यातली बाळे मरत होती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. १९९९ साली ते जगापुढे मांडले गेले. तिथे अमृत नव्हते. ऊब, स्वच्छ हात आणि वेळेवर दिलेले औषध होते.

आता सांगा, पैसा आणि बुद्धी कुठे जावी? ज्याने भरपूर भोगले त्याला आणखी शंभर वर्षे मिळावीत म्हणून, की ज्याने डोळेही नीट उघडले नाहीत त्याला पहिले वर्ष मिळावे म्हणून? ययातीने पोटच्या पोराचे तारुण्य मागून घेतले, हजार वर्षे भोग भोगले आणि शेवटी तृप्ती नाहीच म्हणून ते परत केले. आजचे ययाती परत तरी करतील काय?

नातवाला मी यमदिव्याची कथा सांगितली. लग्नाच्या चौथ्या दिवशी राजपुत्राचा प्राण नेताना यमदूतांचेही डोळे भरून आले. त्यांनी धन्याला उपाय विचारला. यमाने मरण रद्द केले नाही. त्याने दिवा सांगितला, तो अपमृत्यू टळावा म्हणून.

पोराने थोडा विचार केला आणि विचारले, "म्हणजे आजोबा, अवेळी कोणी जाऊ नये म्हणून?"

"हो रे बाबा, एवढ्यासाठीच."

मग त्याने आपल्या हाताने दिव्यात आणखी थोडे तेल घातले.