विजेची मोटार : किंमत कोणाची, जोखीम कोणाची?

१९७४ साली मुंबई हायच्या समुद्रात तेल सापडले आणि मिठागरे, भातशेती व मासेमारी यांवर जगणारा उरणचा परिसर काही वर्षांतच देशाच्या तेल-वायू व्यवहाराचे एक प्रवेशद्वार बनला. तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचा प्रकल्प, वायूवर चालणारे वीजकेंद्र, न्हावाशेवा बंदरातील ज्वालाग्राही द्रवांच्या टाक्या या साऱ्यांतील पंप, पंखे व यंत्रे विजेच्या मोटारींवर फिरतात. या मोटारींची निवड हा केवळ अभियंत्यांचा प्रश्न आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो अर्थशास्त्राचा आणि सामाजिक न्यायाचाही प्रश्न आहे.

ज्वालारोधक मोटारीत वायू शिरतच नाही, असे अनेकांना वाटते. तो शिरतो, प्रसंगी आत स्फोटही होतो. परंतु तिचे भक्कम कवच तो दाब सोसते आणि सांध्यांतील अरुंद फटींतून बाहेर पडताना ज्वाला निवते. म्हणूनच निवडीपूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली पाहिजेत. त्या जागी स्फोटक वायू सतत असतो, नित्याच्या कामात अधूनमधून येतो, की केवळ बिघाड झाल्यास अल्पकाळ? तो वायू कोणत्या गटातला? आणि तो किती तापमानाला पेटतो? हायड्रोजनला पेटण्यास पाचशे अंशांहून अधिक उष्णता लागते. परंतु त्याला अत्यल्प ठिणगीही पुरते. उलट नाफ्त्यातील हेक्झेन सुमारे २३० अंशांच्या तप्त पृष्ठभागानेच पेटू शकते. एका धोक्यासाठी घेतलेली मोटार दुसऱ्या धोक्यात निरुपयोगी ठरते, ती यामुळेच. भारतीय मानक ५५७२ व ५५७१ यांचा रोख नेमका याच विवेकाकडे आहे. सरसकट सर्वत्र महागडी मोटार बसविणे हाही त्या दृष्टीने अपव्ययच होय.

परंतु प्रत्यक्षात निर्णय पुष्कळदा होतो तो सर्वांत कमी दराच्या निविदेवर. हा हिशेबही तोकडा आहे. पंधरा किलोवॅटची मोटार पूर्ण भाराने वर्षभर अहोरात्र चालली, तर सव्वा लाखाहून अधिक युनिट वीज खाते. युनिटला आठ रुपये धरले, तरी वर्षाचे बिल दहा लाखांवर जाते. त्यापुढे खरेदीत वाचविलेली रक्कम किरकोळ ठरते.

खरेदीनंतरची कथा अधिक चिंताजनक आहे. मोटार जळाली की ती वाइंडिंगसाठी एखाद्या साध्या दुकानात जाते. तेथे सांध्याचा पृष्ठभाग घासला गेला, एखादा बोल्ट कमी बसला किंवा केबलची ग्लँड सैल राहिली, की प्रमाणपत्राची पाटी तशीच राहते आणि संरक्षण मात्र नाहीसे होते.

३ सप्टेंबर २०१९ रोजी उरणच्या वायुप्रक्रिया प्रकल्पात पावसाच्या पाण्याच्या नाल्यांत आग लागली आणि चार जणांचा बळी गेला. त्या दुर्घटनेचा दोष मोटारींवर टाकण्याचे कारण नाही. परंतु ज्वालाग्राही द्रव्य नकाशातील रेषा ओलांडून अनपेक्षित ठिकाणी पोहोचू शकते, हा तिचा धडा विसरता येणार नाही.

अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिव्यय म्हणतात, त्याचे याहून ठळक उदाहरण मिळणे कठीण. बचत खरेदी विभागाच्या खात्यात जमा होते. जोखीम मात्र पाळीवरचा कंत्राटी कामगार, अग्निशामक जवान आणि कुंपणालगतचे गाव यांच्या नावे पडते. ज्यांना निविदेत स्थान नाही, त्यांनीच तिची किंमत मोजावी, हा न्याय नव्हे.

तेव्हा निविदांची तुलना आयुष्यभराच्या खर्चावर व्हावी. मोटारीचे प्रमाणपत्र त्या जागेच्या वर्गाशी जुळते, असे सुरक्षा अधिकाऱ्याने लेखी दिल्याखेरीज खरेदी होऊ नये. प्रत्येक मोटारीच्या दुरुस्तीची नोंदवही असावी आणि दुरुस्ती पात्र कार्यशाळेतच व्हावी. यास पैसा लागेल, हे खरे. पण तो आज कारखान्याने न दिल्यास उद्या दुसऱ्या कोणाला तरी द्यावाच लागेल, आणि तो पैशाच्या रूपात नसेल.