शिरूरचा सर्जन पुण्यात घडत नाही

मंडळी, या वीकेंडला सॉफ्टवेअर नाही, सर्जरी. विषय आपल्या लाइनचा नाही, पण गावाकडचा आहे, म्हणून लिहितोय.

आमचं मूळ गाव शिरूर तालुक्यात आणि बायकोचं माहेर दौंडजवळ. त्यामुळे नगर रोड आणि सोलापूर रोड, दोन्हींवर आमची सारखी ये-जा. दोन्ही गावं पुण्यापासून ७०-८० किलोमीटर. म्हणजे तसं जवळच. पण तिकडे कुणाला काही झालं की एकच वाक्य ऐकू येतं, "पुण्याला हलवा."

का हलवायचं? तर सर्जन नाही म्हणून. सर्जन का नाही? तर शहरातली पोरं खेड्यात जात नाहीत म्हणून. संपली चर्चा, चहा घ्या.

मला हे उत्तर अर्धंच वाटतं. उरलेलं अर्धं असं, की जो जायला तयार आहे त्याला तिथलं काम आपण शिकवतच नाही.

तिथलं काम काय असतं बघा. रांजणगाव एमआयडीसीत प्रेसमध्ये बोटं जातात. कुरकुंभला केमिकलचे कारखाने, तिथे भाजण्याची भीती. उसाचा सीझन लागला की रात्री रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली आणि तिच्यावर मागून आदळलेली मोटरसायकल. शिरूरच्या बेट भागात बिबट्याचे हल्ले. शिवाय अडलेलं बाळंतपण, फुटलेलं अपेंडिक्स, वर्षानुवर्षं अंगावर काढलेला हर्निया. हे सगळं एकाच दारातून आत येतं.

आता आपला सर्जन कसा घडतो? एमबीबीएसनंतर तीन वर्षं एमएस, मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात. हाड मोडलेला पेशंट ऑर्थोकडे, सिझेरियन गायनॅककडे. भूल द्यायला वेगळा डॉक्टर, रक्तपेढी आवारातच, शंका आली की सीटी स्कॅन आणि शेजारी सीनियर उभा. यात वाईट काहीच नाही. पण हा माणूस एकटा तालुक्याच्या गावी पाठवला तर तो काय करेल? सगळ्या सर्व्हिसेस चालू असलेल्या मशीनवरच टेस्ट केलेला प्रोग्रॅम, नेटवर्क नसलेल्या साइटवर जे करतो तेच. रेफर करेल. आणि त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

२०१५ साली लॅन्सेट कमिशनने जागतिक शस्त्रक्रियेवर अहवाल दिला. जगातल्या ५०० कोटी लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही, हा त्यातला आकडा. त्यांनी कसोटी म्हणून तीनच ऑपरेशनं धरली: पोट उघडणं, सिझेरियन, आणि हाड बाहेर आलेल्या फ्रॅक्चरवर उपचार. ही तीन ज्या हॉस्पिटलात होतात, तिथे दोन तासांत पोचता आलं पाहिजे.

आमच्या एका चुलतभावाचा पाय ट्रॉलीखाली आला होता. हाड दिसत होतं. पुण्यात ऑपरेशन टेबलवर जाईपर्यंत सहा तास गेले. पाय वाचला, जमीन विकली गेली. जखम नीट धुणं, बाहेरून रॉड लावून हाड स्थिर करणं, हे जनरल सर्जनला शिकवता येण्यासारखं काम आहे. ते रात्रीच गावाजवळ झालं असतं, तर पुढचा प्रवास सकाळी, विचार करून झाला असता.

केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत सर्जनची तूट ८३.२ टक्के होती. (आपल्याकडे यांनाच ग्रामीण रुग्णालय म्हणतात.) एखाद्या कंपनीत पाचपैकी चार जागा रिकाम्या राहायला लागल्या, तर एचआर आधी जॉब डिस्क्रिप्शन तपासेल. की नाही?

हे कुणाला सुचलंच नाही असं नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रामीण सर्जननी मिळून स्वतःची देशव्यापी संघटना काढली. पुढे 'रूरल सर्जरी' असा डीएनबीचा अभ्यासक्रमही सुरू झाला. त्यात सर्जरीबरोबर बाळंतपण, हाडं आणि भूल हेही होतं. तो पुढे बंद पडला.

"म्हणजे खेड्याला दुय्यम डॉक्टर?" हा आक्षेप लगेच येतो. त्याला माझं उत्तर आहे धुळे जिल्ह्यातलं दोंडाईचा. तिथल्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी हर्नियाच्या महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं. नुसता जुगाड नव्हे, इतर सर्जनना बरोबर घेऊन चाचणी केली आणि २००३ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त छापली. २०१६ साली युगांडातल्या ३०२ रुग्णांवरचा अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. मच्छरदाणीची स्वस्त जाळी आणि कंपनीची महाग जाळी यांच्या निकालात लक्षणीय फरक नव्हता. याला दुय्यम म्हणायचं?

मग करायचं काय? अर्धा रस्ता तयार आहे. २०२० च्या नियमांनुसार प्रत्येक पीजी डॉक्टरला तीन महिने जिल्हा पातळीवर काम करावं लागतं. पण २०२३ च्या नियमांत त्यासाठी निदान ५० खाटांचं सरकारी रुग्णालय लागतं, आणि ग्रामीण रुग्णालय असतं साधारण ३० खाटांचं. म्हणजे जिथे शिकायला हवं तीच जागा गाळली जाते. सर्जरीच्या विद्यार्थ्यांसाठी ही अट काढा. तालुक्यात वीस-वीस वर्षं एकहाती ऑपरेशनं करणारे खासगी सर्जन आहेत, त्यांना मानधन देऊन शिक्षक नेमा. परीक्षेत एक प्रश्न सक्तीचा करा: सीटी नाही, रक्त दोन तास लांब आहे, आता काय कराल? 'रेफर करेन' हेही बरोबर उत्तर असू शकतं, पण कधी आणि रुग्णाला कशा अवस्थेत, हे सांगता आलं पाहिजे.

एकट्या सर्जननेही भागत नाही, हे मान्य. भूलतज्ज्ञ नसेल तर सर्जन नुसता बसून राहणार. पण एमबीबीएस डॉक्टरांना आपत्कालीन भूल द्यायला शिकवणारा सरकारी कार्यक्रम आहे. रक्तपेढी नसली तरी रक्त साठवणूक केंद्र चालवता येतं, नियमात तशी सोय आहे. तुकडे सगळे पडलेत, जोडणारा हवा.

आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील अजून तिकडेच आहेत. निवडणुकीत पुढारी दारात आले की आपण विचारतो, नवीन इमारत कधी? यापुढे दोन प्रश्न विचारून बघा. रात्री दोन वाजता इथे भूल कोण देतं? आणि इथल्या सर्जनला एकट्याने काम करायला कुणी शिकवलं?