दुकान भाड्याचे, पाटी कोणाच्या मर्जीची?

भाड्याच्या गाळ्यात धंदा मांडणारा आमचा माणूस डिपॉझिट किती, भाडे किती, दरवर्षी वाढ किती एवढेच विचारतो आणि सही करून मोकळा होतो. पाटीचा प्रश्न त्याला चावी हातात आल्यावर आठवतो. तेव्हा मालक सांगतो, "गाळा तुला दिला, भिंत नाही दिली."

झेरॉक्स आणि स्टेशनरीचे दुकान चालविणारा एक तरुण मध्यंतरी आमच्याकडे आला. घराण्यातला पहिलाच दुकानदार. त्याच्या शटरवरची जागा मालकाने मोबाईलच्या जाहिरातीला देऊन टाकलेली, याची पाटी जिन्याच्या कोपऱ्यात. गिऱ्हाईक दारावरून पुढे निघून जाते, भाडे मात्र पुरेपूर द्यावे लागते. आम्ही करारनामा वाचला. रीतसर नोंदणी केलेला, पण पाटीबद्दल त्यात एक अक्षर नाही.

अशा वेळी कायदा फारसा धावून येत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मालकाला भाडेकरूचे पाणी, वीज विनाकारण तोडू देत नाही. पाटी त्या यादीत नाही. करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मात्र कलम ५५ ने मालकावरच टाकली आहे. ती त्याने पाळली नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तोंडी कबूल केलेल्या पाटीसाठी हा मोठा आधार आहे. या तरुणाला तोही नाही, कारण त्याचा करार नोंदवलेला आहे!

त्यात दुकाने व आस्थापना कायद्याची २०२२ ची दुरुस्ती. पाटीवर देवनागरीतील मराठी नाव हवे आणि त्याची अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नकोत. कंपनी इंग्रजी नाव ठळक मागते, मालक वीतभर पट्टी देतो आणि कारवाई होते दुकानदारावर.

म्हणून सहीपूर्वीच लिहून घ्या. पाटी कुठे, किती लांब, किती उंच. दिव्याचे बिल कोणाचे. पाटीचे वेगळे भाडे आहे का. तिच्यापुढे दुसरी जाहिरात येणार नाही ना. आणि गाळा सोडताना भिंतीची डागडुजी कोणी करायची. (डिपॉझिट कापायला हेच शेवटचे कारण हमखास पुढे येते.)

एकट्याला मालक "दुसरा गाळा बघ" म्हणतो. त्या इमारतीत सात गाळे आहेत, करारही मागेपुढे संपत आहेत. सातही जणांनी एकच मसुदा घेऊन जावे, असे आम्ही सुचविले आहे. दोघे अजून कचरतात. येत्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत.