कतारचा वायू, न्यूरल नेटवर्क आणि २०२८ चा प्रश्न

फेब्रुवारी २०२४ मध्ये कतारविषयी तीन बातम्या आल्या. ६ तारखेला गोव्यात कतार एनर्जी आणि पेट्रोनेट यांच्यात वर्षाला ७५ लाख टन द्रवरूप नैसर्गिक वायूच्या पुरवठ्याचा, २०२८ पासून वीस वर्षांसाठीचा करार झाला. ८ तारखेला टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या नियामक मंडळाने, प्रदेशातील अस्थैर्याचे कारण देत, दोहा येथील आपली अभियांत्रिकी शाखा २०२८ पर्यंत बंद करण्याचा ठराव केला. २५ तारखेला कतारने वायूची वार्षिक उत्पादनक्षमता ७.७ कोटी टनांवरून दशकाअखेर १४.२ कोटी टनांवर नेण्याची योजना जाहीर केली. पहिल्या आणि तिसऱ्या बातमीची चर्चा अर्थकारणाच्या अंगाने भरपूर झाली. मधल्या बातमीचा त्या दोहोंशी असलेला संबंध मात्र दुर्लक्षित राहिला.

तो संबंध नियंत्रणशास्त्राचा आहे. मिथेन सुमारे उणे १६२ अंश सेल्सिअसला द्रवरूप होतो आणि त्याचे आकारमान जवळपास सहाशेपटीने घटते. त्यासाठी शीतक वायू प्रचंड कॉम्प्रेसरांतून सतत फिरवावा लागतो. उन्हाळ्याच्या दुपारी पारा ४५ अंशांवर गेला की शीतकातील उष्णता बाहेर टाकणे अवघड होते. हिवाळ्याच्या रात्री तेच काम सोपे जाते. झडप तेवढीच उघडली तरी परिणाम दोन्ही वेळा सारखा होत नाही. कॉम्प्रेसरमधील प्रवाह ठराविक मर्यादेखाली गेला, तर क्षणार्धात तो उलटा फिरू लागतो आणि यंत्राला धोका पोहोचतो. कारण आणि परिणाम यांचे प्रमाण असे स्थितीगणिक बदलते, तेव्हा त्या व्यवस्थेला ‘अरेषीय प्रणाली’ म्हणतात.

पारंपरिक पीआयडी नियंत्रक एका विशिष्ट स्थितीभोवती जुळवलेला असतो. १९७० च्या दशकात तेलउद्योगात रुजलेले भाकिताधारित नियंत्रण त्याच्या पुढे गेले; परंतु तेही बहुधा रेषीय प्रतिमानावरच चालत आले. १९९० मध्ये येल विद्यापीठातील कुंपती नरेंद्र आणि कन्नन पार्थसारथी यांनी न्यूरल नेटवर्कच्या साह्याने अरेषीय प्रणाली आधी ओळखण्याची आणि मग नियंत्रित करण्याची पद्धत मांडली. या विषयातील तो पायाभूत निबंध ठरला. त्यातील निष्कर्ष मात्र संगणकीय अनुकरणावर आधारलेले होते. खऱ्या कारखान्यात अशी व्यवस्था स्थिर राहील याची हमी हा पुढचा प्रश्न होता.

त्याची उत्तरे अलीकडे मिळू लागली आहेत. २०१६ मध्ये डीपमाइंडने गुगलच्या डेटा सेंटरमधील शीतकरणाची वीज ४० टक्क्यांपर्यंत कमी केल्याचे जाहीर केले. तेव्हा यंत्रणा केवळ शिफारस करत असे. २०१८ मध्ये तिला प्रत्यक्ष नियंत्रण दिले गेले, तेही सुरक्षेच्या आखून दिलेल्या मर्यादांत. २०२२ मध्ये जपानमध्ये योकोगावा आणि जेएसआर या कंपन्यांनी एका रासायनिक कारखान्यातील ऊर्ध्वपातन स्तंभ सलग ३५ दिवस स्वयंशिक्षित प्रणालीच्या हाती सोपवला. जिल्हाव्यापी शीतकरणावर मोठा खर्च करणाऱ्या आणि वायूच्या जोरावर उभ्या असलेल्या कतारला ही उदाहरणे खुणावणे स्वाभाविक आहे.

पण येथे एक पेच आहे. नेटवर्क फक्त पाहिलेल्या स्थितींतच विश्वासार्ह असते आणि उत्तम चालवलेल्या कारखान्याच्या नोंदी शिकवण्याच्या दृष्टीने गरीब असतात. तापमान आणि दाब वर्षानुवर्षे एकाच पट्ट्यात राखले असतील, तर पट्ट्याबाहेर काय घडते हे त्या विदेत नसते. अपघात टळले, म्हणूनच त्यांच्या नोंदीही नाहीत. नव्याने उभारल्या जाणाऱ्या, प्रत्येकी ८० लाख टनांच्या संयंत्रांना तर चालवण्याचा इतिहासच नाही.

म्हणून व्यवहार्य मांडणी संमिश्र असते. भौतिकशास्त्राचे समीकरण पाया म्हणून राहते, त्यातून निसटलेला फरक नेटवर्क शिकते, आणि त्याच्या आदेशांना जुना नियंत्रक मर्यादा घालतो. आणीबाणीत संयंत्र बंद करणारी सुरक्षायंत्रणा, आयईसी ६१५११ या मानकाला अनुसरून, या सर्वांपासून स्वतंत्र ठेवली जाते. विदा समृद्ध करण्यासाठी चालू संयंत्राला जाणीवपूर्वक हलके धक्केही द्यावे लागतात. तो धक्का किती आणि कोणत्या वेळी द्यायचा, तसेच शिकलेल्या प्रतिमानावर कुठे अविश्वास दाखवायचा, हे संयंत्र आणि गणित या दोहोंची जाण असलेला माणूसच ठरवू शकतो.

माहुलच्या रिफायनऱ्यांत किंवा थळच्या खत कारखान्यात उमेदवारी करून आखातात आलेल्या मराठी अभियंत्यांकडे यातील पहिली जाण भरपूर आहे. नवे तंत्र त्यांचा अनुभव कालबाह्य करते, ही समजूत एकांगी आहे. विदेत नसलेले ज्ञान त्यांच्याकडेच असल्याने त्याचे मोल वाढते. अट एवढीच की प्रतिमानाला प्रश्न विचारण्याइतके गणित त्यांनी पुन्हा हाती घ्यावे.

ही दुहेरी जाण घडवणाऱ्या संस्थांपैकी एक, २००३ पासून कतारमध्ये असलेली, २०२८ पर्यंत निरोप घेणार आहे. भारताला बांधून दिलेला नवा पुरवठा त्याच वर्षी सुरू व्हायचा आहे. कतार विद्यापीठ आणि हमद बिन खलिफा विद्यापीठ ती पोकळी कितपत भरून काढतात, आणि उद्योग आपल्या अनुभवी अभियंत्यांच्या पुनर्शिक्षणावर किती खर्च करतो, यावर कतारच्या विस्ताराची खरी सुरक्षितता अवलंबून राहील. संयंत्रे आणि संगणक विकत आणता येतात; कंट्रोल रूममधील विवेक मात्र तिथेच घडवावा लागतो.