दहा सह्या मिळत नाहीत, आणि म्हणे आदर्श गाव!



रविवारच्या पुरवणीत इंग्लंडच्या खेड्यांची आरती ओवाळणारा लेख वाचला. लाल टेलिफोन बूथमध्ये थाटलेलं ग्रंथालय, हिरवळीवरची बाकडी, वेळच्या वेळी कापलेलं गवत आणि या सगळ्याची काळजी वाहणारी पॅरिश कौन्सिल, म्हणजे तिथली ग्रामपंचायत. ‘आपल्या ग्रामपंचायतींनी इथून धडा घ्यावा’ हा शेवटचा सल्लाही वाचला. लेखक बहुधा जूनमध्ये आठवडाभर येऊन गेले असावेत. मी नॉरफोकमधल्या अशाच एका गावात राहते, इथला कौन्सिल टॅक्स भरते. हा लेख छापून आला त्याच आठवड्यात आमच्या कौन्सिलने दोन रिकाम्या जागांवर दोन माणसं आणून बसवली. निवडणूक नाही, मतपेटी नाही. उरलेल्या सदस्यांनी हात वर केले आणि काम झालं.

हे बेकायदा नाही, आणि राग त्याचाच आहे. इथला नियम असा: सदस्याची जागा मुदतीच्या मध्येच रिकामी झाली की जाहीर सूचना लावायची. सुट्ट्या वगळून चौदा दिवसांत गावातल्या दहा मतदारांनी पॅरिशच्या वरच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे लेखी मागणी केली, तर पोटनिवडणूक घ्यावी लागते. दहाजणांनी मागणी केली नाही, तर कौन्सिल आपल्या पसंतीचा माणूस स्वीकृत सदस्य म्हणून घेते. हजार नव्हे, शंभर नव्हे, दहा सह्या! एवढ्या सह्या आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीच्या तक्रारीवर अर्ध्या तासात होत असत.

त्या का झाल्या नाहीत? कारण सूचना कुणी वाचलीच नाही. ती बसथांब्याशेजारच्या काचेच्या फलकात, फ्लॉवर शोच्या जाहिरातीखाली अर्धी झाकून लावली होती. त्या थांब्यावर आता दिवसाला मोजक्या बस येतात, म्हणजे तिथे उभं राहून कागद वाचणारं माणूसच उरलेलं नाही. चौदा दिवस भरले, कागद निघाला, आणि पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात ‘निवडणुकीची मागणी आली नाही’ एवढं एक वाक्य आलं. जणू गावाने विचार करून होकार दिला होता!

निवडणूक का घेतली नाही, हा प्रश्न मी बैठकीत विचारला तेव्हा उत्तर मिळालं की पोटनिवडणुकीचा खर्च डिस्ट्रिक्ट कौन्सिल पॅरिशकडूनच वसूल करते, म्हणजे तो शेवटी तुमच्याच करातून जाणार. हे उत्तर खरं आहे आणि संतापजनक आहे. निवडणूक महाग पडते म्हणून ती नको, हे तर्कट कुठल्याही हुकूमशहाच्या तोंडी शोभेल. आणि पैशाचीच गोष्ट काढायची, तर पूर्ण काढू. हीच कौन्सिल दर वर्षी प्रिसेप्ट ठरवते, म्हणजे आमच्या कौन्सिल टॅक्सच्या बिलात आपल्या वाट्याचा आकडा घालते. मोठ्या कौन्सिलांना ठरावीक मर्यादेपलीकडे कर वाढवायचा असेल तर सार्वमत घ्यावं लागतं. पॅरिशला तो नियम सरकारने आजवर लावलेला नाही. तेव्हा ज्यांना कुणी निवडून दिलं नाही, ते आमच्यावर कर बसवणार, त्याला वरून मर्यादाही नाही, आणि निवडणूक मागितली की खर्चाची भीती आम्हालाच घालणार.

‘पण माणसं चांगली आहेत हो,’ हे ऐकून कान किटले. आहेतच चांगली. एक बाई चर्चच्या आवारातली फुलं सांभाळतात, दुसरे गृहस्थ निवृत्त सर्व्हेयर आहेत. माझं दोघांशीही वाकडं नाही. पण चांगल्या माणसांनी एकमेकांना निवडायचं, हीच तर इथली जुनी रीत होती. पूर्वी गावचा कारभार चर्चच्या व्हेस्ट्रीत चालायचा. पाद्री, जमीनदार आणि दोन-चार बडे शेतकरी ठरवत आणि बाकी गाव मान डोलावत असे. ते मोडण्यासाठी १८९४ चा कायदा आला, त्याने पॅरिश कौन्सिल जन्माला घातली, आणि शेतमजुरालाही तिथे बसता येऊ लागलं. बायकांना पार्लमेंटसाठी मत मिळायला १९१८ उजाडलं, पण पॅरिश कौन्सिलला त्या १८९४ पासून मत देऊ शकत होत्या, उभ्याही राहू शकत होत्या. एवढं मिळवलेलं आता फलकावरच्या एका कागदाखाली गाडलं जातं आहे. व्हेस्ट्री गेली म्हणतात, मला तर ती परत आलेली दिसते.

आपल्याकडची ग्रामपंचायत मी धुतल्या तांदळासारखी म्हणत नाही. २०२१ च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याची आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली. तिथे पदांचा लिलाव झाला होता. लाज वाटावी अशीच गोष्ट. पण खुर्चीसाठी बोली लागते याचा अर्थ खुर्ची कुणाला तरी हवी असते, आणि आयोग मध्ये पडतो याचा अर्थ कुणीतरी तक्रार करतं. इथे खुर्च्या रिकाम्या आणि तक्रार करणारी मी एकटी. दर चार वर्षांनी येणाऱ्या सार्वत्रिक निवडणुकीतही असंख्य गावांत जागांपेक्षा उमेदवार कमी असतात. सगळे बिनविरोध, आणि उरलेल्या जागा पुन्हा स्वीकृत सदस्यांनी भरायच्या. आपल्या लेखकमहाशयांना दिसलेला ‘शांत, समंजस कारभार’ तो हाच.

कुणी म्हणेल, बैठक तर खुली असते ना? असते. लोकांना बैठकीत बसू देण्याचा हक्क १९६० च्या कायद्याने दिला, आणि ते विधेयक मांडलं होतं तेव्हा नव्यानेच खासदार झालेल्या मार्गारेट थॅचर यांनी. पण तो हक्क बसण्याचा आहे, बोलण्याचा नाही. बोलायला किती मिनिटं द्यायची ते कौन्सिल ठरवते. आमच्याकडे तीन मिनिटं. तीन मिनिटांत मी कायदा सांगू की राग आवरू?

बरं, पॅरिश कौन्सिलची गोष्ट निघाली की इथले आपले लोक हँडफोर्थच्या पॅरिश कौन्सिलच्या बैठकीचा व्हिडिओ आठवून हसतात. जॅकी वीव्हरबाईंनी अध्यक्षांना झूमच्या बैठकीतून बाहेर काढलं, २०२१ मध्ये जगभर ते पाहिलं गेलं. हसा, पण त्या दिवशी निदान भांडण तरी झालं होतं.

आता खड्ड्याचं सांगते, कारण त्यावाचून राहवत नाही. शाळेकडे जाणाऱ्या वळणावर दिवाळीपासून खड्डा आहे. रस्ता काउंटी कौन्सिलचा, कचऱ्याचा डबा डिस्ट्रिक्टचा, बाकडं पॅरिशचं. त्यामुळे बाकड्यावर बसून डब्याशेजारचा खड्डा बघत राहायचं, आणि तक्रारीसाठी तीन कार्यालयांनी एकमेकांकडे दाखवलेली बोटं मोजायची. या तिन्हींत आपल्या हाकेच्या अंतरावर बसणारी एकच कौन्सिल आहे, आणि तीच आपण निवडायची सोडली. काउंटीला जाब विचारायला गावाच्या मताचं बळ असलेला माणूस लागतो. हात वर करून आत घेतलेल्या सदस्याच्या पत्राला काउंटीतला साहेब किती किंमत देईल?

म्हणून हे पत्र मराठी वृत्तपत्राला. आता आपली माणसं लंडन-लेस्टरपुरती राहिलेली नाहीत. डॉक्टर, नर्स, घरून काम करणारे संगणकवाले लहान गावांतही घरं घेऊन राहताहेत. मंडळाच्या गणेशोत्सवाचा अध्यक्ष कोण, यावर आपण दोन-दोन महिने फोनाफोनी करतो, पण आपल्या पॅरिशची बैठक कधी असते ते ठाऊक नसतं. पुष्कळांचा समज असा की ब्रिटिश पासपोर्ट नाही म्हणजे मत नाही. तो साफ चुकीचा आहे. भारत राष्ट्रकुलात आहे. वैध व्हिसावर इंग्लंडमध्ये राहणारा अठरा वर्षांवरचा भारतीय नागरिक मतदारयादीत नाव घालू शकतो आणि पॅरिशपासून पार्लमेंटपर्यंत मत देऊ शकतो. मतदान केंद्रावर ओळख म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. कायमच्या वास्तव्याची परवानगी असेल तर कौन्सिलला उभंही राहता येतं.

तेव्हा इंग्लंडच्या गावांतून हे वृत्तपत्र वाचणाऱ्यांना विनंती: नाव नोंदवा, नोंदणीला पैसे पडत नाहीत. बसथांब्याजवळचा तो फलक येता-जाता वाचा. जागा रिकामी झाल्याची सूचना दिसली, तर चौदा दिवस संपायच्या आत शेजारची नऊ दारं वाजवा.

– एक वाचक, नॉरफोक